पपईच्या बियांची पूड

४ जानेवारी १९९७
आज बारा मासे चिरले. सगळे चिलापी, महिनाभर खाद्यातून पपईच्या बियांची पूड दिलेले. नरांचे वृषण आक्रसून दोऱ्यासारखे झालेत! माद्यांच्या पोटात अंडी आहेत, पण विरघळत चाललेली. साध्या खाद्यावरचे धडधाकट. सर खूश — "रश्मी, प्रबंध झाला म्हणून समज. आता तळ्यावर करून दाखव."
मासा डोक्यात ठोकून मारावा लागतो. आधी तीन-चारदा ठोकावं लागायचं. आता एकदाच.

९ जानेवारी
बारामतीहून एस.टी.नं शेळगाव. दादासोंच्या तळ्यात चिलापीची पिलावळ इतकी वाढलीय की एकही मासा बोटापलीकडं जात नाही, म्हणून त्यांनी तळं प्रयोगाला दिलं. पुडीचा डबा त्यांच्याच पडवीत ठेवला. मला पाणी वेगळ्या पेल्यातून. खुंटीला अडकवलेला — फक्त माझा! एम.एस्सी. झाले तरी.
दादासोंच्या दोन बायका. शकुबाईंना चार मुली, धाकटीचं नाव नकोशी. मुलासाठी दिपाली आणली. तिला तपासून, मुलगी म्हणून दोनदा खाली करून आणलं. माझ्यासमोरच म्हणाले, "हीबी तसलीच निघाली." दिपाली तिथंच माशांचं खाद्य मळत होती. मान वर केली नाही.
शकुबाई हळूच म्हणाल्या, "बाई, ह्यानं मासं मरत्यात व्हय?"
मरत नाहीत, म्हटलं. पिल्लं होत नाहीत, एवढंच.

२३ जानेवारी
डबा हिशोबाच्या आधीच अर्धा! दादासोंना विचारलं. त्यांनी दिपालीच्या कानाखाली मारली.
मी गप्प. तळं हवंय मला.

२४ जानेवारी
गप्प बसले हे लिहायचं नव्हतं.

६ फेब्रुवारी
शकुबाईंना पकडलं! पूड शेंगदाण्याच्या चटणीत कुटत होत्या. सवतीला देतायत, दुसरं काय! म्हटलं, माणसाला काय होईल मलाही माहीत नाही, हे विष आहे. दादासोंना सांगते.
"सांगा," म्हणाल्या. कुटायच्या थांबल्या नाहीत.

७ फेब्रुवारी
सांगायलाच गेले होते. दिपालीनं फाटकात अडवलं.
"माझ्या ताटात न्हाय पडत ती, बाई. मालकांच्या पडती. मीच वाढती." मग म्हणाली, "जरा बारीक करून द्या की. दाताखाली कचकचती म्हणत्यात."

८ फेब्रुवारी
आजची पूड वस्त्रगाळ केली.