पावावरची शेपटी

४ मे, सोमवार

खारूच्या बाबा,

‘ही कॉलेजात जाईपर्यंत हिचा पाव मीच भाजणार,’ असं बेकरीवाले काका म्हणाले होते, आठवतं? तेव्हा ती तुमच्या खांद्यावर बसून फळीवरच्या गरम पावाला कान लावत होती. भट्टीतून काढलेला पाव गार होताना बारीक तडतडतो, आणि तिचं म्हणणं होतं की तो बोलतो. आज सकाळपासून काकांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही बरे असाल. भाऊजींचा खोकला थांबला का? जाऊबाईंना सांगा, तुम्हाला भाजी वाढताना विचारायचं नाही, नुसती वाढायची. विचारलं की तुम्ही नको म्हणता. इकडे स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतला. तुमच्या टेबलाजवळची खिडकी आता नीट लागते.

काकांनी हल्ली लोण्याचे पापुद्रे असलेली एक नवी चंद्रकोर करायला घेतली आहे. हातात घेतली की अर्धी पदरावर सांडते. मी दुकानातच उभ्याने खाल्ली. खरं सांगू, फार छान लागली, आणि छान लागली म्हणून घरी येईपर्यंत मान वर करवेना.

रोजच्या गिऱ्हाइकांच्या पावावर अजूनही ते ब्लेडने खूण करतात, पिशव्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. डॉक्टरीणबाईंची फुली, शिंप्याच्या दोन तिरप्या रेघा, आणि आपल्या घरच्या छोट्या पावावर ती वळलेली शेपटी. आधी कडा कुरतडून खाते म्हणून तिला खारूताई हे नाव त्यांनीच ठेवलं, आणि खूणही त्यांनीच शोधली.

तो पाव रोज निघतो. तुम्ही फोनवर म्हणालात की हे थांबायला हवं. मला कळत नाही असं नाही.

पण कसं झालं ते ऐका. गेल्या पावसाळ्यात तिच्या उपचारांसाठी आपण ते शहर गाठलं तेव्हा गल्लीत कुणाला काही सांगितलं नव्हतं. थंडी संपताना तिथून तुम्ही भावाकडे गेलात, मी कुलूप उघडून घरात शिरले. घरात खायला काही नव्हतं, म्हणून बेकरीत गेले. काकांनी पिठाचे हात पुसत विचारलं, ‘काय हो, आमची खारूताई कुठाय?’ माझ्या तोंडून निघालं, ‘हॉस्टेलला.’ त्यांचा चेहरा असा उजळला! म्हणाले, म्हणजे कॉलेजात गेली म्हणा की. मग शेपटीचा पाव पिशवीत टाकून म्हणाले, ती नाही तर तुम्ही खा, भट्टीला तिची सवय आहे.

तेव्हापासून मी एकेक सांगत गेले. तिने केस कापले, असं सांगितलं. खोलीतली मैत्रीण घोरते, असं सांगितलं. काका तक्रार करतात, म्हाताऱ्याला विसरली, एक फोन नाही. तर मी तिची बाजू घेऊन भांडते. परवा तिला सर्दी झालीय असं सांगितलं. त्यांनी लगेच आल्याची बिस्किटं बांधून दिली, पार्सल करा म्हणाले. घरी येताना मला खरोखर तिची काळजी लागली होती. ओल्या केसांनी पंख्याखाली झोपत असेल का, असं मनात आलं आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. माझी मुलगी आता नाही, हे मला तिथे, लोकांच्या येण्याजाण्यात, पुन्हा पहिल्यापासून कळलं.

बिस्किटं मीच खाल्ली.

घरात तिच्याबद्दल बोलायला कुणी नाही. तुमच्याशी बोलायचं तर ती गेली इथूनच सुरुवात होते. जगात एकच माणूस उरला आहे जो ‘खाते’, ‘येईल’, ‘चिडेल’ असं बोलतो. त्याच्या समोर उभी असेपर्यंत मी तिची आई असते. दुकानाची पायरी उतरले की पुढे दिवस कसा ढकलायचा हे मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून बघ म्हणता. त्या झोपेची गोळी देतील. जागेपणाचं काय?

आता सुट्ट्या लागल्या. काका रोज विचारतात, कधी येते. ती यायच्या दिवशी सबंध ट्रेभर शेपट्या काढणार आहेत. आणि रविवारी तुम्ही येऊन त्यांना सगळं सांगणार आहात.

या. पण सांगू नका. आपण दोघं बेकरीत जाऊ, आणि त्यांनी विचारलं की एवढंच म्हणा, ‘परीक्षा लांबल्या, काका.’ तुम्ही खोटं बोलत नाही. मी वाचणार का, असं तिने हात धरून विचारलं होतं, तेव्हासुद्धा खोटं बोलला नाहीत. तरी माझ्यासाठी एकदा बोलाल का?

खारूची आई