अर्धा शब्द

आई, तुझ्या नातीला तू पाहिलंच नाहीस. ती आता नऊ वर्षांची आहे. कॉव्हेंट्रीत जन्मली, इथेच वाढते आहे. घरात तिची टकळी एकदा सुरू झाली की थांबत नाही, आणि शाळेत मात्र ती वर्षभर एक अक्षर बोलली नाही. शाळा वाईट नव्हती, शिकवणाऱ्या बाईही प्रेमळ होत्या. पण वर्गाच्या दारात पाऊल टाकलं की हिची दातखीळ बसायची. पुढे सकाळी युनिफॉर्म पाहूनच उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा आम्ही तिला शाळेतून काढलं. इथे इंग्लंडात तसं चालतं. घरी शिकवा म्हणतात, फक्त नीट शिकवता आहात हे कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पटलं पाहिजे. नाही पटलं, तर मुलीला परत शाळेत घाला असा हुकूम निघू शकतो. गेल्या गुरुवारी कौन्सिलची बाई ते पाहायला येणार होती. त्या दिवसाबद्दल तुला सांगायचं आहे. बायकोला सांगून झालं, पण तिचा जीव आधीच टांगणीला लागलेला असतो आणि तिच्यासमोर मी स्वतःची बाजू मांडत बसतो.

घरी शिकवतो असं आम्ही म्हणतो खरं, पण ती शिकते एका चर्चमागच्या हॉलमध्ये आणि जवळच्या अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिल भाजीपाला लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने देते ना, त्यातल्या एका तुकड्यावर. आठ-दहा कुटुंबं आहेत, बहुतेक घाना आणि नायजेरियातून आलेली, एक जमैकाचे आजोबा, आणि आम्ही. सगळं चालवतात त्या बाई घानाच्या. इथल्या हॉस्पिटलात मिडवाइफ होत्या, आता निवृत्त आहेत. लहानथोर सगळे त्यांना आंटीच म्हणतात. त्यांच्या आजोळी मुलांना शिकवायला वेगळी खोली नव्हती. शेतात, चुलीपाशी, बाजारात मोठ्यांच्या मागे मागे राहून मुलं शिकायची. एका वयाच्या मुलांचा एक गट, त्या गटाला एक काम, आणि एकजण मागे पडला तर सगळ्यांनी थांबायचं. पोराला कुणीही वडीलधाऱ्याने रागवावं, कुणीही जेवू घालावं. ते सगळं त्यांनी कॉव्हेंट्रीच्या थंडीत आणून बसवलंय. चाळीस माणसांचं शेंगदाण्याचं सूप शिजवायचं तर कांदे किती, पाणी किती, यात मुलांचं गणित होतं. आईबापांना नुसतं सोडून जायची परवानगी नाही, त्यांनीही तिथेच शिकायचं. मला कोयता धरता येत नाही हे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही तिथल्या एका सहा वर्षांच्या पोरीकडून.

आणि एक नियम असा, की आपल्या मुलाला आपण शिकवायचं नाही. आपलं मूल दुसऱ्याच्या हाताखाली, दुसऱ्याचं आपल्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. माझी तर आईही तूच आणि वर्गावरची बाईही तूच, आई. नगरपालिकेच्या त्या शाळेत अकरा ते पाच मी तुला 'बाई' म्हणायचो आणि फाटकाबाहेर पडलो की 'आई'. तुला थांबणं म्हणून सहन व्हायचं नाही. वर्गात तू अर्धं वाक्य टाकायचीस, 'पृथ्वी सूर्याभोवती फिर...' आणि आम्ही पन्नास पोरं 'ते!' म्हणून छप्पर उडवायचो. घरी तू पोळ्या लाटते आहेस, मी ओट्याशी उभा आहे, आणि उत्तर यायला जरा उशीर झाला की लाटणं पोळपाटावर आपटतंय. 'अरे, शिवा... शिवाजी महाराजांचा जन्म शिवने...' तुझा अर्धा शब्द आला की माझा उरलेला अर्धा आपोआप बाहेर पडायचा. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट आपण हुशार आहोत असंच वाटायचं.

तर मी हॉलमध्ये तेच करायचो. लेक दुसऱ्या टोकाला जमैकाच्या आजोबांबरोबर बिया निवडत असायची, त्यांनी काही विचारलं आणि ती क्षणभर गप्प राहिली की मी इकडून अर्धा शब्द फेकलाच. पहिल्यांदा आंटी नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "अंकल, गो अँड चॉप द अनियन्स." मी मुकाट्याने कांदे चिरायला गेलो. मजा म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांशी मी अगदी शहाण्यासारखा वागतो. एक मुलगा अपूर्णांकाशी अर्धा तास झटत होता, मी शेजारी चहा पीत बसून राहिलो. स्वतःची लेक गप्प बसली की मात्र माझी जीभ वळवळायला लागते. पण ती हळूहळू बोलायला लागली होती, आई. आधी आजोबांशी, मग तिच्या गटातल्या मुलींशी, आणि मग एक दिवस म्हणाली की कौन्सिलची बाई येईल तेव्हा मी गोष्ट सांगणार. स्वतः रचलेली, सगळ्यांसमोर. मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली. बायको हॉस्पिटलात कामाला आहे, ती वॉर्डवरून फोनवर म्हणाली, "मला सुट्टी मिळत नाहीये. तू फक्त एक कर. प्लीज, तोंड उघडू नकोस."

गुरुवारी खुर्च्या गोल मांडल्या आहेत. कौन्सिलची बाई कोट न काढता बसली आहे, मांडीवर टॅब. आंटींच्या गावाकडे गोष्ट सांगायची एक रीत आहे, तीच इथेही चालते. सांगणारा अडला, थकला, तर ऐकणाऱ्यांपैकी कुणीही मध्येच गाणं सुरू करायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवत ते म्हणायचं, तेवढ्यात सांगणाऱ्याला उसंत मिळते, आणि मग तो पुढे जातो. अडण्याची लाज अशी वाटतच नाही. मला ही रीत फार आवडायची. माझी लेक उभी राहते. आवाज बारीक आहे, पण आहे. गावातली विहीर आटली, सगळे प्राणी काठावर येऊन आत ओरडताहेत, पाणी कुठे गेलं, पाणी कुठे गेलं. मग कासव आलं. ते ओरडलं नाही. त्याने विहिरीच्या दगडाला कान लावला. इथे ती थांबली.

थांबली ती थांबलीच. हॉलमधला हीटर घरघरतो आहे. कौन्सिलच्या बाईने टॅबवरून मान वर केली. लेकीचे डोळे जमिनीकडे. मला शाळेच्या दारातला तिचा पांढराफटक चेहरा आठवतो. कुणी गाणं का सुरू करत नाही? जमैकाचे आजोबा डोळे मिटून बसलेत. आंटींनी माझ्याकडे पाहिलं, मान अगदी किंचित हलवली, नको म्हणून. आणि मी गायला लागलो. तोंडात दुसरं काहीच येईना, म्हणून बेचा पाढा म्हटला, तुझ्या चालीत, बे एके बे, बे दुणे चार. कुणाला एक शब्द कळला नाही, तरी रीत म्हणजे रीत, सगळ्यांनी ताल धरला. बे दाहे वीसवर टाळ्या थांबल्या. एवढ्यावर तरी मी थांबायचं होतं. ती अजून गप्प होती, आणि मी पुढे वाकून कासवाचा इंग्रजी अर्धा शब्द फेकला, "अँड देन द टॉर..."

ती खाली बसली. गोष्ट तिथेच संपली. आंटींनी दुसऱ्या मुलाला उभं केलं, सूप वाढलं, सगळं रीतसर झालं. जाताना कौन्सिलची बाई अगदी नम्रपणे म्हणाली की इथलं काम तिला आवडलं, पण मुलगी आधाराशिवाय किती बोलते हे तिला समजलं नाही. महिन्याभराने ती परत येईल. तोवर निर्णय नाही. आंटींनी उरलेल्या सूपचा डबा माझ्या हातात दिला. त्यांनी रागवायला हवं होतं.

घरी येताना गाडीत मी तिला म्हणालो, "काही हरकत नाही गं. अडतं माणूस कधीकधी. मीसुद्धा अडायचो." ती खिडकीबाहेर बघत होती.

"बाबा, मी अडकली नव्हती. टॉर्टस ऐकत होता ना. सो मी थांबली. सगळे पण ऐकत होते."

मला पुढचा सिग्नल दिसेना. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा कळलं की हिरवा होऊन गेला आहे. खरंच सगळे ऐकत होते. आजोबा म्हणूनच डोळे मिटून बसले होते. त्या हॉलमध्ये फक्त मला एकट्याला ती अडलेली दिसत होती.

"नेक्स्ट टाइम तू बाहेर बस," ती म्हणाली. रागाने नव्हे, पाणी दे म्हणावं तसं. मी हो म्हणालो. बसेन. दाराला कान लावणार नाही असं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, मी ते घडी घालून फाडूनही टाकेन. पण एक राहतंय. तू असतीस, तर गुरुवारी माझ्या शेजारच्या खुर्चीवर पदर खोचून बसली असतीस, आणि माझ्याही आधी तूच बोलली असतीस. मग तुलाही बाहेर बसायला सांगायची पाळी माझ्यावर आली असती. नऊ वर्षांच्या पोरीने जे मला सरळ सांगितलं, ते तुला सांगायची माझी आजही छाती होत नाही. म्हणून त्या दिवशी गाडीत मला क्षणभर, आई, तू नाहीस याचं बरं वाटलं.