मार्लिससाठी दणकट ॲक्सल

४ मे. सकाळ.
गाडीचा मागचा ॲक्सल, चाकं फिरवणारा आस, आज पुन्हा घुमला. चाळीस मैलांच्या वर काटा गेला की मागून सूर लागतो. शाळेत बाईंनी पाठ करून घेतलेल्या कवितेतला समुद्र मला असाच ऐकू यायचा. मार्लिस म्हणाली, समुद्र कसला, काहीतरी झिजलंय. पन्नास वर्षं संसार केला, पण काव्य काही तिच्या अंगाला लागलं नाही.
कारण उघड आहे. इंजिनाची ताकद सत्तर सालच्या ॲक्सलला पेलवत नाही. दणकट ॲक्सल हवा.
निश्चय: १९ जूनला, लग्नाच्या वाढदिवशी, मार्लिसला याच गाडीतून उत्तरेकडच्या सरोवरावर न्यायचं. नव्या लग्नात गेलो होतो तसंच. वाटेत तिच्यावर केलेली कविता म्हणायची. तिची एकच अट: निवांत जायचं, गप्पा मारत. मान्य!

७ मे.
ड्वेनच्या गॅरेजमध्ये. ड्वेन माझा शाळासोबती, जन्मभर गिअरच बसवतोय. म्हणाला, अरे, यात तेल कधी घातलं होतंस? मी म्हटलं, तू ताकदीचं बोल. त्याने झाकण उघडलं. आत तेल नव्हतंच. तळाला काळा डिंक. म्हणाला, ताकद कसली डोंबलाची, कोरडा घासघासून मारलास बिचाऱ्याला. गॅरेजमधले सगळे हसले.
मी बाहेर सफरचंदाचा मोहोर बघत उभा राहिलो. यंदा चांगला आहे.

८ मे.
कान अजून गरम.
ड्वेनचं म्हणणं, जुन्याच ॲक्सलला नवे बेअरिंग घालू, आतल्या गिअरचे दाते पहिल्यासारखेच ठेवू, हायवेला लोण्यासारखी जाईल. दुसरा पर्याय त्याने चेष्टेत सांगितला: भंगारात एका मालवाहू ट्रकचा ॲक्सल पडलाय. हत्ती बांध, तुटणार नाही. पण त्याचे दाते ओझं ओढायचे. सिग्नलला गोळीसारखी सुटेल आणि हायवेला इंजिन नुसतं बोंबलेल.
मी म्हटलं, हायवेला घाई कुणाला आहे?
ड्वेन म्हणाला, घाईचं नाही रे येड्या, आवाजाचं बोलतोय.
ट्रकचा घेतला. मार्लिसच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

२९ मे. शनिवार.
ॲक्सल बसला! संध्याकाळी रूट बिअरच्या (नावालाच बिअर, गोड सरबतच ते) टपरीसमोर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या, मागे घडीच्या खुर्च्यांवर आम्ही म्हातारे. निघताना मी सिग्नलवर पाय दाबला. काय सांगू! धूर, किंकाळी, टाळ्या. क्षणभर मी वीस वर्षांचा होतो.
मार्लिस शेजारी होती. स्वतःची मान धरून म्हणाली, झालं समाधान? आता घरी चल.
खूश झाली असावी.

१२ जून.
हायवेवर चाचणी घ्यायचं राहून गेलं. कवितेचं शेवटचं कडवं जमत नव्हतं. ते जास्त महत्त्वाचं.
मेव्हणा व्हर्लिन त्याच्या मातकट रंगाच्या व्हॅनमधून मागून येणार आहे. मार्लिसनेच बोलावलं. म्हणाली, असू दे रे, सामानाला. सामान म्हणजे बटाट्याचं सॅलड आणि एक ॲपल पाय.

१९ जून. दुपार. पेट्रोल पंपावरून.
पंचावन्नला इंजिन असं ओरडत होतं की समोरची काच थरथरत होती. पहिलं कडवं म्हटलं. मार्लिस ओरडली, काय? पुन्हा म्हटलं. ती ओरडली, डाव्या बाजूला काय? तिसऱ्यांदा मीच ओरडून म्हटलं. तुझ्या डोळ्यांतली सांज, हे ओरडून म्हणायचं वाक्य नव्हे.
चर्चची बस आम्हाला मागे टाकून गेली. आतल्या म्हाताऱ्यांनी हात केले. मार्लिसनेही केला, दुसऱ्या हाताने कान दाबून.
विश्रांतीच्या थांब्यावर ती म्हणाली, डोकं फुटतंय माझं, मी जरा व्हर्लिनबरोबर बसते. मी म्हटलं, बस की, गाडी नवीन ॲक्सलला रुळते आहे अजून. व्हर्लिनने तिच्यासाठी व्हॅनचं दार उघडलं. त्याने मला चिडवलं असतं तर बरं झालं असतं.
आता इंजिन तापलंय. वाफ. थांबलोय. सरोवरावरून मार्लिसचा फोन आला. म्हणाली, पाणी अगदी तसंच आहे रे, येतोस ना? मी म्हटलं, तासाभरात.

१९ जून. संध्याकाळ.
गाडी पंपावरच आहे. व्हर्लिन न्यायला आला. पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. ॲपल पाय खाल्ला. कविता खिशातच.

२० जून. रविवार.
व्हॅनमधून परत. मी मागच्या सीटवर, सॅलडच्या रिकाम्या डब्याशेजारी. व्हॅन सत्तरने धावत होती आणि आत एवढी शांतता, की मला झोप लागलीय असं समजून पुढे दोघं हळू आवाजात बोलत होते त्यातला शब्दन् शब्द ऐकू आला.
व्हर्लिनने विचारलं, तुला खरंच हवा होता का गं तो ॲक्सल?
मार्लिस म्हणाली, मला कसला ॲक्सल? मला काल दिवसभर त्याच्याशी बोलायचं होतं. किती काय काय आठवून ठेवलं होतं. जाऊ दे. त्याला सांगू नकोस हं, फार लागेल त्याला.
मी डोळे मिटूनच घेतले. घोरण्याचा आवाजही काढला थोडा.