वायरीची मान

मंगळवार, दिवेलागण. सांगली.

नात पूजा मागच्या खोलीत माईक लावून माझ्या ओव्या भरून घेतीया. पण ऐकताना सारखी खरखर. ती म्हणती, "आजी, वायर खराब हाय." मला वाटलं, पोरगी मन राखतीया. खरखर माझ्या गळ्याचीच असंल, म्हातारीला तोंडावर कोण सांगंल?

तरी आज दोघी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "आजी, टोकाला सोन्याचं पाणी हाय, डोळं झाकून घ्या." सोन्याचं नाव काढलं की मला संशय आलाच. म्हटलं, "टोक ऱ्हाऊ दे, टोपण उघडून आतला जोड दाव की बाबा." विहिरीच्या मोटारीची वायर कायम मानंतच, टोपणात शिरती तिथंच तुटायची, जन्मभर बघितलंय. "ही उघडत न्हाई," म्हणाला. मग साधी काळी घेतली, टोपण फिरवून उघडणारी. आत कथलाचा डाग पक्का, मान घट्ट आवळलेली.

घरी गायले. वायरीची मान वाकवून बघितली, खरखर न्हाई. तरी मन मानंना. म्हटलं, "पूजा, जुनी लाव आन् तूच बोल." तिचाबी आवाज खरखरला. लय बरं वाटलं बाई.

गळा गेला असं वाटून माझ्या आईच्या ओव्या तिला सांगितल्याच न्हवत्या. उद्या त्याच म्हणणार.