दॅन आय की दॅन मी

दि. ३ जून

चि. सौ. भावजयीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू माझ्यावर आरोप केला आहेस, म्हणून हे पत्र. ख्यालीखुशाली विचारायला फोन पुरला असता. छोट्याने कळवलं की नव्या यंत्राच्या उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी तू कारखान्याची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवलीस आणि बहिणीकडे निघून गेलीस. जाताना म्हणालीस म्हणे, की भाषण वन्संनी लिहिलं होतं, त्यांनीच मुद्दाम भर सभेत माझी शोभा केली.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. कोणाची शोभा करायची असती तर मला एवढं लपूनछपून करावं लागलं नसतं.

झालं ते असं. परदेशी यंत्रकंपनीचे पाहुणे येणार, दोन शब्द इंग्रजीत बोलायचे आहेत, अडखळायला नको म्हणून देवनागरीत लिहून दे, अशी गळ छोट्याने घातली. मी लिहून दिलं. तुझ्याबद्दलचं वाक्य होतं: माय वाइफ लव्ज धिस वर्कशॉप मोर दॅन आय. तुलनेच्या वाक्यात 'दॅन'च्या पुढे बरंच काही गिळलेलं असतं, आणि काय गिळलं आहे ते सांगता आलं तरच ते वाक्य लिहावं, असं मी मुलींना घोकून घ्यायची. इथे गिळलेला शब्द आहे 'डू'. म्हणजे, माझं या कारखान्यावर जेवढं प्रेम आहे त्याहून माझ्या बायकोचं जास्त आहे. हे तुझं कौतुक होतं.

छोट्या म्हणाला 'दॅन मी'. शी इज टॉलर दॅन मी असं कोणी म्हटलं तर मी कान झाकत नाही. बोलताना सगळे तसंच म्हणतात आणि उंचीच्या बाबतीत दुसरा अर्थ निघत नाही. प्रेमाच्या बाबतीत निघतो. 'लव्ज मोर दॅन मी' म्हटलं की माझ्यावर करते त्यापेक्षा कारखान्यावर जास्त करते, असा सरळ अर्थ होतो. पाहुणे हसले ते त्यालाच.

मी त्याला फैलावर घेतलं. तो म्हणतो, कागदावर 'आय' दिसलं, आय म्हणजे मीच, म्हणून तोंडातून 'मी' गेलं. इंग्रजीतला 'मी' निराळा, हे त्या गडबडीत सुचलं नाही. लहानपणापासून तो धांदरटच आहे. 'आय' म्हणजे उत्पन्न समजला नाही हे नशीब समज.

तेव्हा आरोप मागे घे आणि कामावर परत जा. रागावलीस तरी चालेल, पण योग्य माणसावर. माझी माया आहे तशीच आहे.

तुझी,
वन्सं


दि. ६ जून

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुमच्यावरचा आरोप मागे घेते. माफी मागते आणि पाया पडते.

पण ती गल्लतीची गोष्ट मला पटत नाही. यांचा रोजचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. मालाच्या वर्णनात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर हे कंपनीशी भांडतात. यांना आय आणि मी कळत नाही? शिवाय ते वाक्य म्हणताना हे पाहुण्यांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. नंतर पाहुण्यांमधल्या एका बाईंनी माझा खांदा थोपटला आणि म्हणाल्या की आमच्याकडेही अगदी असंच आहे. मी हसले. हातात सरबताचा ट्रे धरून दुसरं काय करणार होते?

मामंजी गेले, मागोमाग जुने कारागीर गेले, तेव्हा यांनीच सांगितलं होतं की तू आतलं बघ, मी बाहेरचं बघतो. मी प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आणि वजनकाटे तपासायच्या त्या खोलीत जाऊन बसले. सोनारांचे काटे, औषधवाल्यांचे काटे. तिथे पंखा लावता येत नाही, दार उघडं ठेवता येत नाही, नुसत्या बोलण्याच्या वाऱ्याने पारडं हलतं. कोणी दाराशी आलं तर हातानेच थांब म्हणून सांगावं लागतं. थांब म्हटलेल्यांत हेही होते, कबूल आहे. पण दार लावून आत मी काय स्वतःची करमणूक करत होते? यांनी बसवलं तिथे बसले, तर आता म्हणे माझं प्रेम तिकडे गेलं.

इथल्या शाळेत प्रयोगशाळेवर बाई हव्या आहेत. पंधरा तारखेच्या आत होकार द्यायचा आहे. त्या बंद खोलीत मी पुन्हा बसणार नाही, एवढं नक्की.

तब्येतीला जपा. माझ्यावरचा लोभ मात्र कशाशी तोलू नका.

तुमची,
भावजय


दि. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू तिचं पत्र पाठवलंस आणि खाली लाल शाईने 'उत्तर दे' असं लिहिलंस. देतो.

मी तुझ्याशी खोटं बोललो. गल्लत झाली नव्हती. सराव करताना तुझं वाक्य मोठ्याने वाचलं आणि वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे? कारखान्यावर माझं जेवढं प्रेम आहे त्याहून तिचं जास्त आहे, हे शिपायालासुद्धा माहीत आहे. दुसरी गोष्ट कोणालाच माहीत नव्हती, आणि ती सांगायला एकच शब्द बदलायचा होता. मला मोह आवरला नाही. तिला एकटीला कळेल, बाकीचे टाळ्या वाजवतील, असं वाटलं होतं.

दुपारी मी दोन कप चहा घेऊन त्या दाराशी जायचो. काचेतून तिचा तळहात दिसायचा. मी परत यायचो आणि दोन्ही कप प्यायचो. हे मी कोणाला सांगायचं होतं?

शाळेचं तिने पक्कं केलं का? मला ती काही कळवत नाही. कारखान्यात काट्यांचा ढीग पडला आहे, पण मी त्यासाठी विचारत नाही.

रागाव, पण टाकू नकोस.

तुझा,
छोट्या


दि. १० जून

चि. छोट्यास,
आशीर्वाद. ते सवयीने लिहिले आहेत, फार मनावर घेऊ नकोस.

तू माझ्या शुद्ध वाक्याची वाट लावलीस, वर धांदरटपणाचं सोंग आणलंस, आणि त्या सोंगाची वकिली मी माझ्या हाताने केली. हे मी विसरणार नाही. पण त्याहून मोठा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. बायकोबद्दलची तक्रार बायकोला सांगायची, तर तू ती परक्या माणसांना, परक्या भाषेत, तिच्या हातात ट्रे असताना सांगितलीस. मराठीत तुला 'माझ्यावर करतेस त्यापेक्षा' असं सगळं तोंडातून काढावं लागलं असतं. तेवढी छाती नव्हती, म्हणून एका शब्दाआड लपलास.

आणि चहाचं काय कौतुक सांगतोस? दोन्ही कप पिणाऱ्या माणसाची मला दया येत नाही. दार बंद होतं, भिंत नव्हती. कारखाना तुझ्या बापाचा. आत दुसरं स्टूल टाकून गप्प बसायला तुला कोणी मनाई केली होती? तिने हात दाखवला तो काट्यासाठी. तू तो स्वतःवर ओढून घेतलास आणि इतकी वर्षं फुगून बसलास. तीही कमी नाही. काम संपल्यावर दार उघडून बाहेर यायचं असतं, हे मी तिलाही लिहिलं आहे.

रविवारी मी येते. तिला बोलावलं आहे. येईल की नाही ते ती जाणे. आली तर तिला जे सांगायचं ते मराठीत सांग, आणि क्रियापद गिळू नकोस.

पोटभर जेवत जा. एवढ्यावरून माझं मन कडू झालं नाही.

तुझी,
ताई


दि. १४ जून

चि. छोट्यास आणि चि. सौ. भावजयीस,
दोघांना अनेक आशीर्वाद.

काल तुमच्या समोरासमोर जे ठरलं ते उद्या कोणी फिरवू नये, म्हणून मी साक्षीदार या नात्याने लिहून पाठवते आहे. छोट्याने आपलं वाक्य पूर्ण म्हटलं. मध्ये दोनदा अडखळला. मी दुरुस्त केलं नाही. भावजयीने सुनावलं की हेच पाच वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर दुसरं स्टूल तिनेच आणून ठेवलं असतं. त्यावर दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघितलं. बंद खोलीत न बसण्याचा शब्द ती मोडणार नाही, म्हणून बाहेरचं काम तिचं आणि आतलं छोट्याचं. तो शिकेपर्यंत रोज दुपारी ती दुसऱ्या स्टुलावर त्याच्याशेजारी बसेल; ते शिकवणं धरायचं, खोलीत बसणं नाही, असं ठरलं. शाळेला तिने नकार कळवला. तो नवऱ्यासाठी नाही, बाहेरचं काम करून बघायचं आहे म्हणून, हे तिने मला तीनदा सांगितलं. मी तीनदा मान डोलावली.

दोघांनी मला विसरू नये, आणि पुढचं भाषण दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावं.

तुमची,
ताई आणि वन्सं

देवघेवीची नोंद:
छोट्याने भावजयीच्या हाती दिलं: गिऱ्हाइकांचा फोन, दौऱ्याची बॅग, गाडीची किल्ली आणि पुढच्या ऑफिसातली खुर्ची.
भावजयीने छोट्याच्या हाती दिलं: एप्रन, भिंग, चिमटा आणि प्रमाण वजनांची पेटी.
पेटीतलं सगळ्यात हलकं वजन कागदाच्या कपट्यासारखं असतं, श्वासाने उडतं. ते छोट्याच्या चिमट्यातून दोनदा निसटलं, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. वजन पारड्यात पडेपर्यंत दोघांनी श्वास रोखला होता. ते कोणी कोणाला दिलं हे मला ठरवता आलं नाही, म्हणून कोणाच्याच नावावर लिहिलेलं नाही.