कुंपणावरून बंदूक कशी द्यावी

५ सप्टेंबर, मंगळवार

सहा दिवस! सगळा घोळ सहा दिवसांचा आहे.

कायदा असा, की १ जानेवारी १९७३ च्या आधी जन्मलेल्यांना बंदूक आईच्या पोटातूनच कळते. त्यानंतरच्यांनी सुरक्षेचा वर्ग करायचा, परीक्षा द्यायची, मग शिकारीचा परवाना. माझा नवरा रस २८ डिसेंबरचा, मी ३ जानेवारीची. म्हणून तो जन्मजात शहाणा. या शहाण्याने आजवर तीन हरणं मारली आहेत आणि एक गवत कापायचं यंत्र. यंत्र आमचंच होतं.

आज पहिला वर्ग. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये, दोन्ही बंब बाहेर काढून. चौदा विद्यार्थी, त्यातले तेरा अकरा-बारा वर्षांचे. मी पन्नास. सगळे मला ओळखतात, कारण शाळेच्या स्वयंपाकघरात रोज मीच त्यांच्या ताटात कुस्करलेले बटाटे वाढते. दारातच एकाने विचारलं, "मिसेस झास्ट्रो, आज इथे जेवण आहे?"

खुर्च्या लहान मुलांच्या. शेजारी ब्रिन नावाची मुलगी बसली. दोन वेण्या, समोरचा दात पडलेला. माझ्याकडे बघून म्हणाली, "घाबरू नका. माझा भाऊ पण पास झालाय, आणि तो तर ठोंब्या आहे."

शिकवतात ऑर्व्हिलकाका. ऑर्व्हिल प्रॉख्नो, वय शहात्तर, अडतीस वर्षं फुकट शिकवतात. बाबांचे जिवलग मित्र. बाबा गेले त्या सकाळी रानात तेच सोबत होते. हजेरी घेताना माझ्या नावावर थोडे थांबले. मग म्हणाले, "डार्ला, तू मागे बस, पोरांना फळा दिसू दे."

७ सप्टेंबर, गुरुवार

हे का करतेय ते लिहून ठेवते, म्हणजे मध्येच कंटाळा आला तर वाचता येईल. आई थकली. वसंतात चाळीस एकर विकून ती गावातल्या फ्लॅटमध्ये जाणार. त्या रानात कुंपणापलीकडे बाबांचं मचाण आहे. चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, शिकारीच्या पहिल्याच दिवशी, त्या कुंपणापाशी बंदूक उडाली आणि बाबा गेले. मी अकरा वर्षांची होते. त्यानंतर आईने मला बंदुकीच्या जवळ जाऊ दिलं नाही. रसची माणसं दरवर्षी त्या रानात जातात, पण त्या मचाणावर कुणी बसत नाही. यंदाचा शेवटचा हंगाम. एकदा मला तिथे बसायचंय. मोसमाची पहिली सकाळ, बाबा बसायचे तसं.

रस म्हणतो, "अगं, वर्ग कशाला? जाणता माणूस हातभर अंतरावर बसला की परवान्याशिवायही चालतं. मी बसतो ना."

सव्वीस वर्षं हातभर अंतरावरच बसवलाय. एक सकाळ सुट्टी हवी की नको?

आज बंदूक एकमेकांना देणं शिकलो. देणाऱ्याने बोल्ट, म्हणजे बंदुकीची मागची सरकती कडी, उघडायचा, आत काडतूस नाही हे दाखवायचं, मग पुढे धरायची. घेणाऱ्याने स्वतः बघायचं, घट्ट पकडायचं आणि म्हणायचं — "मिळाली. आभारी आहे." हे कानावर पडल्याशिवाय देणाऱ्याने सोडायची नाही. ऑर्व्हिलकाका इथे फार कडक. तोंडातल्या तोंडात आभार मानले की पुन्हा पहिल्यापासून.

घरी येऊन रसला कॉफी दिली. त्याने कप ओढला, मी सोडला नाही. "काय गं?" म्हणाला. "म्हण, मिळाली." कॉफी त्याच्या पायावर सांडली. फडकं आणून पुसली, पण आभार काही मानले नाहीत.

१० सप्टेंबर, रविवार

रस शेतावरची उघडी चारचाकी, मोटारसायकलसारखी बसायची ती, काढून पत्रपेटीपर्यंत गेला. हेल्मेट नाही, मांडीवर कुत्रा. शनिवारी त्याच हॉलमध्ये चारचाकीचाही वर्ग असतो. भिंतीवर त्यांचा तक्ता आहे: एका माणसाच्या गाडीवर दुसरं कुणी बसवू नये. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कुत्रा म्हणजे दुसरं कुणी नव्हे, आपलाच आहे."

मग मागच्या दाराआडची त्याची रायफल उघडून पाहिली. भरलेली. दिवाणखान्यात गेले आणि सगळी काडतुसं त्याच्या पुढ्यात, सामना चालू असताना, चिप्सच्या वाडग्याशेजारी ठेवली. गोल झाला तेव्हा कुठे त्याचं लक्ष गेलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार



आज कुंपणाचा धडा होता. ऑर्व्हिलकाका टेबलाच्या कडेला टेकून म्हणाले, "एक गोष्ट सांगतो. दोन मित्र होते." पोरांनी वह्या मिटल्या. त्यांना माहीत होतं! "ही ती कुंपणाची गोष्ट," ब्रिन माझ्या कानात म्हणाली. "माझ्या आईलाही पाठ आहे."

दोन मित्र. पहिला कुंपण ओलांडून पलीकडे गेला. दुसऱ्याची बंदूक घ्यायला वळला. त्याला घाई होती. बोल्ट उघडा आहे का पाहिलं नाही, विचारलं नाही, नळी धरली आणि स्वतःकडे ओढली. चाप तारेत अडकला. "चांगला शिकारी होता," काका म्हणाले, "पण एक क्षण मूर्खपणा केला. तेवढा पुरतो."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच काय. निळा थर्मास, बुडाशी पोचा आलेला, बर्फात पडलेला — तेही सांगितलं. तो थर्मास आईच्या कपाटात आहे.

म्हणजे अडतीस वर्षं या गावातलं प्रत्येक पोर माझ्या बाबांचा मूर्खपणा शिकून पास होतंय! दुकानातली मुलगी, बँकेतला मुलगा, आमच्या चर्चचा नवा पाद्री. सगळ्यांना पाठ. माहीत नव्हतं ते फक्त मला, कारण मला वर्गाला पाठवलं नाही, आणि रसला, कारण तो जन्मजात शहाणा.

ब्रिनने हात वर केला. "मग बंदूक देणाऱ्याचं काय झालं?"

"त्याला काही झालं नाही," काका म्हणाले. "पान एकतीस काढा."

१३ सप्टेंबर

आज बटाटे सगळ्यांना मोजून. जास्त मागणाऱ्यालाही नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार

वर्गाला गेले नाही. रसला सांगितलं, डोकं दुखतंय. रस म्हणाला, "मग जाऊ दे ना. मी बसतो हातभर अंतरावर." पुढच्या वेळी जाणार.

१६ सप्टेंबर, शनिवार

आईकडे गेले. ती खोकी भरत होती. वर्तमानपत्रात बशा गुंडाळता गुंडाळता मी सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "हो, तो सांगतो ती गोष्ट. मला केव्हाच कळलं होतं."

"आणि तू गप्प बसलीस? बाबांना सगळ्या गावासमोर मूर्ख ठरवतोय तो."

आईने शीतकपाट उघडून दाखवलं. पांढऱ्या कागदात बांधलेलं हरणाचं मांस, वर पेन्सिलीने तारीख. दर नोव्हेंबरला ऑर्व्हिलकाका आपल्या शिकारीचा अर्धा वाटा आणून देतात, अडतीस वर्षं, एकदाही चुकलं नाही. ज्या वर्षी त्यांना हरीण मिळालं नाही त्या वर्षी विकतचं डुक्कर आणलं होतं.

"तुझे बाबा दळण आणायला गेले तरी पिशवीची गाठ दोनदा बघायचे," आई म्हणाली. "घाईने नळी ओढणारा माणूस नव्हे तो."

"मग तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं. मग तो मांस घेऊन कसा आला असता? मला तर बाई, वर्षातून एकदा का होईना, तुझ्या बाबांची, माझ्या हार्लनची आठवण असलेला कुणीतरी दाराशी यायला हवा होता."

मला हे पटलं नाही. अजून पटलेलं नाही. घरी येताना रागाने गाडी इतकी जोरात हाणली, की सुरक्षेच्या कुठल्याच वर्गाने पास केलं नसतं.

१९ सप्टेंबर, मंगळवार

लेखी परीक्षा. पन्नास प्रश्न. बाविसावा: कुंपणापलीकडे उभे असताना सोबत्याची बंदूक कशी घ्याल? तेवढा कोरा सोडला. एकोणपन्नास बरोबर.

ऑर्व्हिलकाकांनी माझा कागद तपासला, बाविसाव्यावर पेन्सिल टेकवली, उचलली. मग पुढचा कागद ओढला.  ब्रिनला पन्नासपैकी पन्नास. ती म्हणाली, "बाविसावा तर सगळ्यांत सोपा होता, मिसेस झास्ट्रो." आता ही पोरगी बटाटे मागायला येऊ दे.

२३ सप्टेंबर, शनिवार

मैदानी परीक्षा. फायर स्टेशनमागच्या गवतात दोन खांब आणि तीन तारा, एवढंच कुंपण. गेले कित्येक दिवस मनात एकच होतं — पास होईन आणि मग सगळ्यांच्या देखत विचारीन, त्या सकाळी खरं काय झालं.

एकेकाने पलीकडे जायचं, काका सोबती होऊन बंदूक देणार, आपण घ्यायची. बंदूक खरी, काडतूस खोटं, नारिंगी प्लास्टिकचं. तेराही पोरांची झाली. मी शेवटची. ऊन चढलं होतं, काका सकाळपासून उभे होते, टोपीखाली घाम.

मी तारांमधून पलीकडे गेले. (जाकीट अडकलं. पोरं हसली.) वळले. काकांनी बंदूक पुढे केली.

बोल्ट बंद.

वाटलं, मुद्दाम करतायत, परीक्षा म्हणून. चेहरा पाहिला तर मुद्दाम काही दिसेना. त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून मागे, कुठेतरी झाडांत. नळी माझ्या पोटाच्या रोखाने.

मी बाजूला सरकले. हात लावला नाही. म्हणाले, "बोल्ट उघडा, ऑर्व्हिलकाका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग बोल्ट ओढला आणि ते नारिंगी काडतूस उडून गवतात पडलं. कुणी हसलं नाही. ब्रिनने ते उचलून त्यांच्या हातात दिलं, तर त्यांना मूठ मिटता येईना.

काका ट्रकच्या मागच्या फळीवर जाऊन बसले. तिथूनच माझ्या कागदावर सही केली. शंभरपैकी शंभर.  आणि मी ज्यासाठी एवढं तोंड आवळून ठेवलं होतं ते विचारलंच नाही. म्हातारा माणूस, थकला होता, भर उन्हात काय भांडायचं. आता त्यांनी शिकवणं सोडावं हे मात्र खरं. कुणीतरी सांगायला हवं.

२६ सप्टेंबर, मंगळवार

प्रमाणपत्रं मिळाली. वाटली ती तालुक्याच्या वनरक्षकाने, तरणा मुलगा, चौदापैकी नऊ नावं चुकीची उच्चारली. ऑर्व्हिलकाका आले नव्हते. त्यांनी वर्ग सोडला म्हणे, कालच, चिठ्ठीवर दोन ओळी लिहून. मला सांगावं लागलंच नाही. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रसने प्रमाणपत्र फ्रीजवर लावलं. दाराआडच्या रायफलीचा बोल्ट उघडा ठेवलेला दिसला. मी काही बोलले नाही. नवरा सुधारतोय हे त्याला कळू देऊ नये.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या मोसम सुरू. गावभर शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं. मासे तळणाऱ्याकडे रांग रस्त्यापर्यंत. रसला सांगितलं, उद्या तू तुझ्या माणसांबरोबर जा, मी एकटी. त्याने विचारलं, "नक्की?" मग स्वतःच माझं जाकीट चुलीजवळ वाळत घातलं. आईने निळा थर्मास धुऊन पाठवलाय.

१८ नोव्हेंबर, शनिवार

उजाडताना कुंपणापाशी पोचले तर ऑर्व्हिलकाका तिथे उभे होते, रिकाम्या हाताने.  मी बोल्ट उघडून माझी रायफल त्यांच्याकडे दिली. "मिळाली. आभारी आहे," काका म्हणाले. मी तारांमधून पलीकडे गेले, वळले. त्यांनी रायफल पुढे धरली, बोल्ट उघडा, नळी आभाळाकडे.

"हार्लनने नळी ओढली नव्हती," ते म्हणाले. "तो इथेच उभा होता, तू आहेस तिथे. म्हणाला, 'बोल्ट उघड, ऑर्व्हिल.' मी म्हटलं, 'रिकामी आहे रे, घे.'"

मी रायफल धरली. आत पाहिलं. ते सोडेनात. मी बोलेपर्यंत सोडणार नव्हते, आणि त्यांचे हात गारठले होते.

"मिळाली," मी म्हणाले.

पुढचे दोन शब्द आज जमले नाहीत.