धानात काढलेली नावं

७ डिसेंबर १९६४

सीता आज पुन्हा पळाली! तिच्यामागे महागू, त्याच्यामागे सगळी वरात. बालवाडीच्या खोलीत उरलो मी आणि अकरा पाट्या! पोरं सापडली शेजारच्या राईस मिलमध्ये, आपापल्या आयांच्या मागेमागे. अंगणभर उकडलेलं धान वाळत घातलेलं, आणि बायका त्यात पाय ओढत चालतात, म्हणजे ते खालीवर होतं. मागे लांब रेघा उठतात. पोरांना त्या रेघांचंच वेड. पाटीवर एक रेघ ओढा म्हटलं की रडारड!

महिन्यानं समितीचे सचिव हिरालालजी परीक्षा घेणार. पोरांना आपलं नाव लिहिता आलं नाही तर बालवाडी बंद, आणि मी परत रामपायलीला. बाबांनी स्थळ बघून ठेवलंय. फोटोतल्या मिशा पाहिल्या. नको गं बाई!

८ डिसेंबर

मीही चपला काढल्या! पाय ओढत धानात भला मोठा 'स' काढला. सीता त्यावरून धावली—एकदा, दहादा! "हा माहा हाय!" मुकादम तेजराम खूश. "बाई, तुमची पोरं तं फुकट धान उलटून राह्यली!"

मी त्याच्याहून खूश.

१९ डिसेंबर

पोरांची स्वतःची नावं झाली, आता आयांची! सीतानं 'रुख्मा' काढलं, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रुख्माबाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "माहं नाव एवढं मोठं हाय काय?" मग काय, सगळ्यांना हवं! आणि नाव मोडू नये म्हणून साऱ्याजणी पाय उचलून चालायला लागल्या. धान उलटायचं राहिलं. तेजराम बोंबलला. हसून हसून माझं पोट दुखलं.

२१ डिसेंबर

तेजरामचा तोडगा—रोज पोरांनी नावं काढायची, आयांनी आपापल्या नावावरूनच पाय ओढायचे, मग बाकीचं धान. भांडण मिटलं!

७ जानेवारी १९६५

वाट लागली. हिरालालजींनी पाट्या वाटल्या. "लिखो बेटा, अपना नाम." पोरं पेन्सिलीकडे बघत बसली. मग महागूनं पाटी खाली ठेवली आणि तिच्यावर पाय ओढला. खाडकन दोन तुकडे! मला हसू फुटलं, तेच नडलं. "अंगणात चला, दाखवते," म्हटलं. "पैर से लिखना कोई पढ़ाई है?" बालवाडी महिनाअखेर बंद!

मिलमध्ये जाऊन सांगितलं. रुख्माबाई भडकली, "काहून बंद? आमाले कोनी इचारलं?"

घरी येऊन खूप रडले.

८ जानेवारी

ट्रंक भरली. मिशा डोळ्यांपुढून हलत नाहीत.

११ जानेवारी

हिरालालजींनी बोलावलं. समोर अर्ज—बालवाडी चालू ठेवा. मजकूर मिलच्या मुनीमजींचा. खाली अकरा आयांची नावं, वाकडीतिकडी, एकेक अक्षर लिंबाएवढं. हिरालालजी कागद उलटून पालटून बघत होते. "अंगूठा एक भी नहीं! इन्हें किसने सिखाया?"

"मी नाही," म्हटलं. देवाशपथ, मी नाहीच!

घरी येऊन ट्रंक रिकामी केली.